वहिनीचं नाव आणि आईच्या म्हणी

मूशंगदादाचं लग्न ठरत होतं तेव्हा आईची हरकत एकाच गोष्टीला होती, मुलीच्या नावाला. बाकी मुलगी चांगली होती. दोन खाड्या पलीकडच्या गावची, कालवं फोडण्यात हात चपळ, बोलणं मोजकं. पण नाव युए-अ. चंद्रावर राहते ती चांग-अ देवी, तिच्या नावातलं शेवटचं अक्षर बापाने हौसेने लेकीला लावलेलं.

"नवऱ्याचं अमृत एकटीने पिऊन उडून गेलेली बाई ती," आई म्हणाली. "तिचं नाव कुणी आपल्या घरात आणतं का?"

दादा जाळं दुरुस्त करत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "गेली उडून तर जाईन की मी होडी घेऊन मागे."

"चंद्रावर होडी जात नाही रे बाळा."

पण दादाने मुलीला बाजारात एकदा पाहिलं होतं, आणि त्याचं मन तिथेच अडकलं होतं. लग्न झालं. युए-अ आमच्या हाओयू गावात आली आणि माझी वहिनी झाली.

आमच्याकडे म्हण अर्धी बोलायची पद्धत आहे. पहिला तुकडा बोलणाऱ्याने टाकायचा, दुसरा ऐकणाऱ्याने मनात भरायचा. 'मुक्याने कडू मुळी खाल्ली' एवढं म्हटलं की ओळखायचं, दुःख आहे पण सांगता येत नाही. आईचा यात हातखंडा होता. गावातल्या बायका तिच्यापुढे तोंड उघडायला बिचकायच्या. नव्या सुनेसाठी तिने एक तुकडा राखूनच ठेवला होता. वहिनी माहेरी निघाली, टोपली काखेला लावून उंबरा ओलांडला, की आई अंगणातून म्हणायची, "चांग-अ निघाली चंद्रावर."

आणि शेजारची शूछिंग काकू भिंतीपलीकडून दुसरा तुकडा जोडायची, "ती कसली परत येतेय!"

वहिनी कधी उलटून बोलली नाही. सांगितलेल्या दिवसाच्या आधीच परत यायची, बांबूची टोपी खुंटीला अडकवायची आणि चुलीपाशी बसायची. एकदाच, लग्नाला दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा, तिने उत्तर दिलं. आई म्हणाली, "आलीस का खाली?" वहिनी म्हणाली, "आले आई. वर कालवं मिळत नाहीत." दादा एवढा हसला की त्याला पेजेचा ठसका लागला. आईने तोंड फिरवलं, पण तिचेही खांदे हलत होते ते मी पाहिलं.

श्याओमान झाली तेव्हा मुलगी म्हणून आईने जरा नाक मुरडलं, आणि महिन्याभरात नातीला पाठीवर बांधून गावभर हिंडू लागली. सगळं ठीक चाललं होतं. पोरगी अंगणात पळायला लागली त्या उन्हाळ्यात वादळ आलं आणि दादाचा मचवा परत आला नाही. पुढे तो दक्षिणेच्या बेटापाशी उलटा तरंगताना सापडला. माणसं सापडली नाहीत.

त्या दिवसांबद्दल मी फार लिहीत नाही. माझं लग्न गावातच झालेलं, दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे मी रोज जात होते. आई दाराकडे तोंड करून बसायची. वहिनी रडायची ती ओहोटीला, चिखलवटीवर, कालवांच्या खडकांमध्ये वाकून. तिथे सगळ्याच बायकांचे चेहरे खारे असतात, कोण विचारतं?

एक गोष्ट मात्र मला लगेच जाणवली. आईने ती म्हण सोडली. वहिनी माहेरी निघाली की आई काही म्हणायची नाही, नुसती वहिनीच्या हातातल्या बोचक्याकडे बघायची. केवढं आहे, किती फुगलंय. ओठांवरची म्हण पोटात जाऊन बसली होती. वहिनी तिशीचीही नव्हती. आणि आमच्या कुळातले थोरले काका, म्हणजे माझ्या वडिलांचे सर्वांत मोठे भाऊ, वर्षश्राद्धाच्या जेवणानंतर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "सून तरुण आहे. कुणी विचारलं तर जाऊ दे तिला, आपण आडवं येणार नाही. पण पोरगी आपल्या आडनावाची. ती इथेच राहील."

ते वाईट बुद्धीने बोलले नव्हते. त्यांना वाटलं, आपण उदारपणा केला. वहिनी भांडी उचलत होती. तिने एक वाटी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि आत गेली. त्यानंतर तिने कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही. चार वर्षं.

मग तिंगफा आला. नदीच्या वरच्या अंगाच्या गावचा, होड्या बांधणारा सुतार. आमच्या किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या असतात, त्यांच्या फटी बुजवायला तो हिवाळ्यात आला आणि काम संपेना म्हणून राहिला. माणूस उंच, कान मोठे, वहिनीहून सहा वर्षांनी लहान. वहिनी आमची जुनी लहान होडी त्याच्याकडे घेऊन गेली तेव्हा मी बरोबर होते.

"ही होडी म्हातारी झाली," तो तळावर टकटक करत म्हणाला.

"म्हातारी आहे ते मला माहीत आहे. पाणी कुठून येतं ते सांगा."

"सगळीकडून येतं."

"मग सगळीकडून बुजवा."

त्याने वर पाहिलं आणि हसला. वहिनी हसली नाही, पण घरी येईपर्यंत तिची पावलं हलकी पडत होती.

होडीनंतर घराचं दार घासत होतं ते त्याने नीट केलं. मग आईचं स्टूल डुगडुगत होतं ते. आई त्याला चहा द्यायची, अंगठ्याएवढ्या पेल्यातून, एकामागून एक, आणि प्रश्न विचारायची. आई-वडील आहेत का? नाहीत. भाऊ? दोन, घर त्यांच्याकडे. लग्न का नाही केलं? "गावोगाव हिंडतो, मावशी. बायकोला काय हत्यारांच्या पेटीत घालून नेऊ?"

गावाला डोळे असतात. कालवं फोडायला बायका शिंपल्यांच्या ढिगाशी गोल करून बसतात, तिथे एक दिवस शूछिंग काकू मोठ्याने म्हणाली, "चंद्रावरच्या चांग-अलासुद्धा तरुणच आवडतो म्हणतात." ही म्हण अर्धी नाही, पुरती आहे, तिला जोड लागत नाही. बायका हसल्या. वहिनीच्या हातातली सुरी घसरली आणि बोटाला लागली. तिने बोट तोंडात घातलं आणि काम चालू ठेवलं. आई शेजारीच होती. आईला उत्तर सुचलं नाही असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

त्या वर्षी चंद्राईच्या सणाच्या तोंडावर, आम्ही चंद्राला चंद्राईच म्हणतो, वहिनीच्या माहेराहून निरोप आला. तिची आई पाय घसरून पडली होती, उठवत नव्हतं. सणाला सुनेने सासरीच असायचं असतं. पण आईने होकाराची मान हलवली. वहिनी श्याओमानला घेऊन सकाळच्या तरीने, खाडी ओलांडणाऱ्या होडीने, गेली. बोचकं मोठं होतं, कारण थंडीचे कपडे घेतले होते. आणि त्याच तरीत, आपली हत्यारांची पेटी घेऊन, तिंगफा बसलेला होता.

मी धक्क्यावर नव्हते. पण दुपारपर्यंत मला ही बातमी पाच जणींनी सांगितली. संध्याकाळी आईकडे गेले तर शूछिंग काकू दारातच उभी. "मूशंगची आई, वाईट वाटून घेऊ नका. आपणच म्हणत होतो ना, चांग-अ निघाली..."

आईने दार लावून घेतलं.

सणाच्या दिवशी आभाळ भरून आलं. लांब कुठेतरी वादळ होतं, तरीची होडी बंद झाली. तरीही दिवेलागणीला आईने अंगणात टेबल मांडलं. उकडलेल्या अळकुड्या, पपनस, मूनकेक. पपनसात उदबत्त्या खोचल्या. चंद्राई ढगाआड होती, नुसता उजेड दिसत होता. मी मदतीला गेले होते. आई बराच वेळ हात जोडून उभी राहिली, मग बसली आणि एकदम म्हणाली, "गेली तर गेली. तिचं वय आहे."

"आई, ती आजारी आईला बघायला गेलीय."

"सुतार कुणाला बघायला गेलाय?"

मी पपनसातली कलंडलेली उदबत्ती सरळ केली.

"मला सांगून जायचं होतं," आई म्हणाली. "मी नाही म्हटलं नसतं."

"नसतं?"

आईने विचार केला. ती खोटं बोलत नसे. "म्हटलं असतं. दोन दिवस आदळआपट केली असती. मग हो म्हटलं असतं." आणि अळकुडी सोलता सोलता तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. "पण श्याओमान माझ्याशिवाय झोपत नाही ग."

मग तरीची होडी पुन्हा सुरू झाली. आई रोज धक्क्यावर जायची आणि विचारलं तर सांगायची, मासळी बघायला. एका सकाळी मीही गेले. होडी लागली, माणसं उतरली, आणि सगळ्यांच्या मागून वहिनी. पाठीवर झोपलेली श्याओमान, एका हातात बोचकं, दुसऱ्या हातात पाय बांधलेली कोंबडी.

आईने पाहिलं. पाहिलं आणि वळली, आणि अशी तरातरा घराकडे निघाली की मला गाठता येईना. घरी पोचून तिने चुलीवर पेजेचं भांडं ठेवलं. झाकण दोनदा खाली पडलं.

वहिनी आली, कोंबडी अंगणात ठेवली. "आई, तुम्ही धक्क्यावर होतात. थांबला का नाहीत?"

"मीठ आणायला गेले होते."

"धक्क्यावर मीठ मिळतं?"

"नाही मिळत म्हणूनच परत आले."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी हसू दाबत होते. आणि आई उंबऱ्यावर बसली, पदर नसलेल्या आमच्या बायका तोंड लपवतात तशी बाहीत तोंड घालून, आणि हुंदके द्यायला लागली. श्याओमान जागी झाली, आजीच्या गळ्यात पडली. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पेज उतू गेली, कुणी उठलं नाही.

जेवण झाल्यावर आईने थेट विचारलं, "सुतार कुठाय?"

"नदीच्या वरच्या अंगाला गेलाय, कापराच्या झाडाची फळकुटं आणायला. एका तरीत होतो एवढंच. धक्क्यावर उतरलो आणि तो त्याच्या वाटेने गेला."

"त्याने तुला विचारलंय का?"

वहिनीने श्याओमानची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "विचारलं होतं. वसंतात. मी नाही म्हटलं."

"का?"

"मी गेले तर श्याओमानला थोरले काका ठेवून घेतील. आणि तुम्हाला कोण बघणार?"

"मला बघायला काय झालंय? मी काय नाटक आहे?" आई म्हणाली. तिने चहाचा पेला पालथा घातला. "तुला तो हवा की नको, तेवढं सांग. बाकीचं मी बघते."

वहिनीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "हवा," ती म्हणाली, इतक्या हळू की मला ओठांवरून कळलं.

"मग तू कशाला जातेस? त्याला इकडे आण. असं करतात लोक. मेलेल्या मुलाच्या घरी जावई आणतात. नवीन काही नाही."

दुसऱ्या दिवशी शिंपल्यांच्या ढिगाशी शूछिंग काकूने पुन्हा सूर लावला, "तरुणच आवडतो बाई चांग-अला." आईने हातातलं कालव फोडलं, मांस टोपलीत टाकलं, शिंपला मागे फेकला. मग म्हणाली, "मग? म्हातारा आवडायला ती काय वेडी आहे? शूछिंग, तुझ्यासाठी दोन स्थळं आली होती, मला आठवतंय. तूही दात असलेलाच घेतलास." बायका पोट धरून हसल्या. शूछिंग काकूही शेवटी हसली. तिचा नवरा आता पूर्ण बोळका झाला होता.

पण हसण्याने कुळ मानत नाही. थोरले काका म्हणाले, परक्या आडनावाचा माणूस कुळाच्या घरात झोपणार असेल तर मूशंगला विचारलं पाहिजे. म्हणजे कौल लावायचा. कुळाच्या दिवाणखान्यात पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पाट्या असतात, त्यांच्यापुढे लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकायच्या. एक पालथी, एक उताणी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या तर नकार. दोन्ही उताण्या पडल्या तर ज्याला विचारलं तो हसतोय म्हणायचं. होकार ओळीने तीनदा मिळायला हवा.

आम्ही सकाळी गेलो. तिंगफा दाराबाहेर उभा, नवा सदरा घातलेला, हात कुठे ठेवावे ते कळत नसलेला. वहिनी माझ्याजवळ. तिचा हात मी धरला.

थोरल्या काकांनी चंद्रकोरी कपाळाला लावल्या. "मूशंग, परक्या माणसाला घरात घेऊ का?" आणि टाकल्या. दोन्ही उताण्या.

"हसतोय," काका म्हणाले. "नको म्हणतोय."

"हसतोय म्हणजे हसतोय," आई पुढे झाली. "असं विचारल्यावर कुणीही हसेल. त्याच्या बापाच्या होडीची फट ज्याने बुजवली तो परका कसा? द्या इकडे."

बाईने कौल लावायचा नसतो, असं काहीतरी कुणीतरी पुटपुटलं. आईने ऐकलं नाही. चंद्रकोरी दोन्ही तळहातांत धरून ती पाटीशी बोलायला लागली, जशी दादाशी जेवताना बोलायची.

"मूशंग, मी आई. तुझी बायको इथेच राहणार. तुझी पोर तुझंच आडनाव लावणार आणि माझ्याच जवळ झोपणार. एक सुतार येईल, तो छप्पर बघेल आणि या दोघींना बघेल. तुला रोज उदबत्ती मिळेल, ती मी चुकवणार नाही. चालेल ना रे?"

टाकल्या. एक पालथी, एक उताणी. पुन्हा टाकल्या. तसंच. तिसऱ्यांदा टाकल्या तेव्हा एक समोर पालथी पडली आणि दुसरी फरशीवर उडून, घरंगळत पूजेच्या टेबलाखाली गेली. टेबलाला पुढून लाल कापड. कुणाला काही दिसेना. आईला वाकता येत नव्हतं. वहिनीने डोळे मिटून घेतले. शेवटी सगळ्यांत जवळ होते ते थोरले काकाच गुडघ्यांवर बसले, कापड उचलून आत शिरले, त्यांचे नुसते तळपाय बाहेर दिसत होते.

बराच वेळ काही आवाज नाही. मग टेबलाखालून ते म्हणाले, "उताणी आहे. हो म्हणतोय."

वहिनीने एवढा मोठा श्वास सोडला की उदबत्तीची राख पडली. आई तिथेच खाली बसली. काका बाहेर आले, डोक्याला कोळिष्टकं लागलेली, आणि त्यांच्याही चेहऱ्यावरून ओझं उतरल्यासारखं दिसत होतं. मला वाटतं, त्यांनाही नकार नको होता, फक्त होकार आपण दिला असं व्हायला नको होतं. त्यांनी तिंगफाला आत बोलावलं आणि अट घातली. पहिला मुलगा झाला तर आमचं आडनाव लावायचं.

"पहिला तुमचा, दुसरा माझा," तिंगफा म्हणाला. "सगळ्या मुलीच झाल्या तर भांडणच नाही."

दोन मुलीच झाल्या. भांडण खरंच झालं नाही.

पुढच्या चंद्राईला तिंगफा घरात होता. चंद्राईची पूजा पुरुषाने करायची नसते, चुलीच्या देवाची बाईने करायची नसते, हा आमचा जुना नियम. तो हातात पपनस घेऊन मध्येच उभा राहिलेला. आई म्हणाली, "सुतारा, बाजूला हो, खुर्च्या मांड." त्याने छपराची एक कौलं निसटलेली जागा दाखवायला हात वर केला, तर बोट नेमकं चंद्राकडे गेलं. आईने त्याच्या हातावर फटका मारला. "चंद्राईला बोट दाखवशील तर कान कापला जाईल. तुझे तसे मोठे आहेत, पण तरी." श्याओमान इतकी हसली की तिला उचकी लागली. त्याने मुकाट्याने दुसऱ्या दिवशी छप्पर नीट केलं.

ते छप्पर कामी आलं ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात. वादळाचा इशारा आला. दादा गेल्यापासून वादळ म्हटलं की आई खिडकीशी बसायची, वारा पडेपर्यंत, खायची नाही, प्यायची नाही. त्या दुपारी वहिनी आणि तिंगफाने होडी वर ओढून झाडाला बांधली, खिडक्यांना फळ्या ठोकल्या, कोंबड्या आत घेतल्या. मी माझ्या घरचं आवरून आईची काळजी म्हणून भिजत तिकडे गेले. वारा छपराला हिसके देत होता. आत दिवा लावलेला, श्याओमान पाढे म्हणत होती, तिंगफा चाकूला धार लावत होता.

"आई कुठाय?" मी विचारलं.

वहिनीने ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडे मान केली. आई भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती, घोरत होती.

"वन्सं, मघापासून दोनदा उठवलं जेवायला," वहिनी कुजबुजली. "म्हणाल्या, तुम्ही सगळे आत आहात ना? मग झोपू द्या."

मी ओली टोपी काढली आणि वहिनीने माझ्यासाठी पेज वाढली.